गुडघाभर पाणी

११ नोव्हेंबर

दोन तास, तीनदा चहा आणि शब्द एक! तोही जुनाच.

परिभाषा समिती आजपासून सुरू झाली. आमच्या विषयाचं नाव क्रमस्तरविज्ञान. नाव ऐकूनच लोक पळतात, म्हणून मी सोपं करून सांगते — समुद्र पुढे येतो, मागे जातो, दर खेपेला गाळ टाकून जातो. त्या गाळाच्या थरांवरून किनारा कधी कुठे होता ते ओळखायचं. आता त्यातल्या किनाऱ्याच्या आणि उथळ समुद्राच्या एकेका भागाला आपल्या भाषेत नाव द्यायचं आहे. बारसंच म्हणा ना. फक्त पोरं काही लाख वर्षांची.

समितीत आम्ही तिघं. सर — मला शिकवलेले, आता निवृत्त, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. भाषेच्या बाई — ‘मला दगडातलं ओ की ठो कळत नाही’ हे बसता बसताच सांगून मोकळ्या झाल्या. आणि मी, लिहून घ्यायला आणि भांडायला.

जुना शब्द म्हणजे समुद्रबूड जमीन. शाळेच्या भूगोलात होता तोच. किनाऱ्यापासून पुढे उथळ पाण्याखाली लांबवर पसरलेली सपाटी. सर म्हणाले, ठेवा. बाईंनी विचारलं, ‘बुडायच्या आधी तिथे माणसं होती?’ सर म्हणाले, ‘काही ठिकाणी असतील.’ बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. मीही. शब्द ठेवला.

घरी येऊन हात दोनदा धुतले. आज गाळाला हात लावलाच नव्हता, तरी.

१३ नोव्हेंबर

आई जिन्यावरून पडली. खालचा दोरखंडवाला धावला म्हणून बरं. हाड शाबूत आहे, गुडघा मात्र टम्म फुगलाय. डॉक्टर म्हणाले, आता हा जिना बंद. आई म्हणाली, बरं. म्हणजे नाही!

त्या दोन खोल्या. जुन्या बंदराच्या गल्लीत, दोरखंडाच्या दुकानावर. माझा जन्म तिथला. माझ्या घरी लिफ्ट आहे, एक खोली रिकामी आहे, दवाखाना समोर आहे. सगळं सांगून झालं. ती पायाला शेक घेत ऐकत होती. मग म्हणाली, ‘पत्ता बदलला की माणसाने शोधायचं कुठे?’

कोणत्या माणसाने, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात हे असंच चालत आलंय. निघताना बघितलं, दाराची वरची कडी नेहमीसारखी काढलेलीच. इतक्या वर्षांत ती कधी लावलेली मी पाहिलेली नाही. कडीला गंज चढलाय. आता लावायची म्हटली तरी लागणार नाही.

१४ नोव्हेंबर

पहाटे कुणीतरी ‘पोटरी!’ म्हणून ओरडलं. उठून बसले. घरात मी एकटी.

१७ नोव्हेंबर

आज सरांशी वाजलं. कडेवरून.

झालं असं की, समुद्राच्या तळाला दोन ठिकाणी मोड येतो. पहिला अगदी किनाऱ्यालगत — सपाट वाळूवरून चालता चालता उतार एकदम वाढतो तिथे. दुसरा फार लांब, समुद्रबूड जमीन संपून खोल समुद्र सुरू होतो तिथे. पहिल्यापर्यंत ओहोटीला चालत जाता येतं, दुसऱ्यापर्यंत बोटीनेही दिवस जातो. पण आम्ही कागदावर चित्र काढतो ते दाबून, चेपून. मग दोन्ही मोड सारखेच दिसतात. जाणत्यांचीही गफलत होते. सर म्हणाले, दोन्हींना कड म्हणू, आधी विशेषण लावू. मी म्हटलं, मुळीच नाही! जवळच्याला किनारमोड, लांबच्याला, मंचासारखी सपाटी तिथे संपते म्हणून, मंचकड. दोन वेगळे शब्द हवेत.

‘एवढं काय त्यात?’ सर म्हणाले.

‘माणसं समजतात, कड लांब आहे. म्हणून बिनघोर पुढे जातात.’

आवाज चढला माझा. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. भाषेच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांना दगडातलं कळत नसेल, माणसातलं चांगलं कळतं. दोन शब्द मंजूर झाले.

१८ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कुणाला सांगायचं नसलं तर कागदाला सांगावं.

बाबा बंदरात खुणाकाठ्या रोवायचे. नदी गाळ आणते, तळ दर हंगामाला बदलतो, होड्यांनी कुठून यायचं ते कळावं म्हणून ओहोटीला पाण्यात उतरून काठ्यांची रांग लावायची. खोली ते अंगाने मोजायचे आणि मागच्या लिहिणाऱ्याला ओरडून सांगायचे — घोटा! पोटरी! गुडघा! मांडी! मी जेटीच्या दगडी पायरीवर बसून त्यांच्यामागून ओरडायचे. ‘कंबर’ आलं की परत फिरायचे. नियमच होता.

मी चौथीत असताना एका ओहोटीला ते गेले आणि आले नाहीत. लिहिणारा त्या दिवशी आजारी, मी शाळेत. काठ्या सरळ रांगेत उभ्या होत्या. उरलेल्या काठ्यांचा भारा पाण्यावर तरंगत सापडला. बाबा सापडले नाहीत. चौकशी झाली. तिथे पाणी गुडघाभरच, असं सगळ्यांनी सांगितलं, कड तर कुठच्या कुठे लांब! गुडघाभर पाण्यात पाण्याचा माणूस बुडतो कसा? त्याच आठवड्यात पोस्टातल्या बाईची बदली झाली होती. बस्स. गावाने दोन आणि दोन जोडले. भारा टाकला, समोरच्या तीरावर चालत गेला, तिच्यासोबत पसार झाला. शाळेत पोरी मला ‘पोस्टकार्ड’ म्हणायच्या.

आई कधी रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणायची — असतील कुठेतरी.

मला मात्र ते बुडालेले हवे होते. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. बुडालेला बाप आपला असतो. सोडून गेलेला आपला नसतो.

२२ नोव्हेंबर

सरांची कल्पना — परिभाषेच्या पुस्तकात परदेशी चित्रं नकोत. इथल्याच गाळाचे फोटो टाकू. नदीच्या मुखाशी जमीन समुद्रात पुढे सरकतेय, तिथे दोन बोअर मारू, नळीतून गाळाचा दांडा काढू, म्हणजे कोअर. थर जसेच्या तसे दिसतील. जागाही त्यांनीच ठरवली. लॉऱ्यांचा तळ, जुन्या जेटीच्या मागे. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, ‘इथे तुझ्या लहानपणी समुद्र असेल, नाही का?’

होता, सर. चांगलाच होता.

२३ नोव्हेंबर

जाऊन आले. जेटीच्या पायऱ्या अजून आहेत. उतरत उतरत जातात आणि मातीत शिरतात. खालच्या पायरीवर एक ड्रायव्हर बसून दाढी करत होता, आरसा लॉरीच्या चाकाला टेकवून. मी शेजारच्या पायरीवर बसले. त्याने काही विचारलं नाही. काठ्यांची रांग इथून सरळ समोर जायची. शेवटची उभी काठी होती तिथे आता वजनकाटा आहे. भरलेल्या लॉऱ्या त्यावर चढतात, थांबतात, पुढे जातात.

२८ नोव्हेंबर

बोअर सुरू. पहिला वजनकाट्याजवळ, दुसरा त्याच्या पुढे, कुंपणाच्या भिंतीला लागून. पुढची काठी रोवायला बाबा निघाले असतील तर त्याच दिशेला.

बोअरवाला बोलका आहे. ‘मॅडम, इथे निघणार काय? चिखल!’

‘चिखलच हवाय.’

‘चिखलाला एवढं मशीन? आमच्या दारात या, फावड्याने देतो.’

हसले मी. मग यंत्र सुरू झालं आणि हसू गेलं. नळी खाली जाते तेव्हा जमिनीतून एक हुंकार येतो. यंत्राचाच असतो, मला ठाऊक आहे. पण पायांच्या तळव्यांना तो वेगळा लागतो. दुपारी भिंतीच्या पलीकडून एक माणूस खांद्यावर काठ्यांचा भारा घेऊन गेला. मी पळत फाटकापर्यंत गेले! मंडपवाल्याचा गडी होता. त्याने मलाच विचारलं, ‘काय झालं, ताई?’ बोअरवाल्याने नंतर माझ्यासाठी चहा मागवला आणि साखर जास्त घालायला लावली.

१ डिसेंबर

कॉलेजच्या गोदामात कोअर उभे चिरले. अर्धा भाग वाचायला, अर्धा तसाच गुंडाळून ठेवायचा, फोटोसाठी. प्लास्टिक सोलताना वास आला. ओला, जुना, शिंपल्यांचा. बाबांच्या पायजम्याचा वास! गोदामात खुर्ची ओढून बसावं लागलं.

पहिल्या बोअरमध्ये थर शांत. चिखल, वर बारीक वाळू, वर शिंपल्यांची पुळण. वाचावं तसं वाचता येतं.

दुसऱ्यात वरची वाळू तीच, तेच शिंपले. पण तिच्या खाली! थर तिरके, आणि त्यांच्याखाली हातभर जाडीचा पट्टा पार चुरगळलेला. अंथरूण पायाने ढकलावं तसा. म्हणजे तिथे उतार होता, किनारमोड होता, आणि तो घसरला होता. नदी भराभर गाळ टाकते, वरून सपाट, घट्ट वाटतं, खालून पाण्याने फुगलेला लगदा असतो. एक दिवस सगळा काठ एकदम जातो. लाट लागत नाही, वारा लागत नाही. वर गुडघाभर पाणी आणि त्याखाली बघता बघता काहीच नाही.

२ डिसेंबर

दोन्ही कोअर शेजारी ठेवले. पहिल्यातली वाळू आणि दुसऱ्यातली वाळू एकाच पातळीला. रंग एक, शिंपले एक. रेघ ओढली. पहिला बोअर म्हणजे बाबांची शेवटची काठी, त्या वाळूवर ते उभे होते. तीच वाळू पुढे जाते, आणि तिच्याच पोटाखाली काठ घसरलेला! म्हणजे वाळू आणि घसरण, दोन्ही बाबांच्याच दिवसांतली.

बाबा पळून गेले नाहीत.

बाबा पळून गेले नाहीत! गोदामात मोठ्याने म्हणाले. मग इतकी रडले की शिपाई दार वाजवून विचारून गेला. आनंदाने रडत होते मी. बाप बुडाला म्हणून आनंदाने रडणारी मी एकटीच असेन जगात. घरी चालत आले. रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं. शाळेतल्या त्या पोरी भेटायला हव्या होत्या आज.

३ डिसेंबर

सरांना दाखवलं. बाबांचं नाही सांगितलं, फक्त घसरण दाखवली. ते खूश. ‘किनारमोडाचा याहून चांगला फोटो मिळायचा नाही.’ मग माझ्या रेघेवर नखाने टकटक केलं. ‘वाळूला वाळू जोडलीस?’

‘दोन बोअरमध्ये अंतर तरी किती आहे, सर!’

‘अंतर नाही विचारलं मी.’ पण तेवढ्यात त्यांना घ्यायला मुलगा आला. सरांना आताशा बारीकसारीक खुसपटं काढायची सवय लागलीय. निवृत्त माणसाला काहीतरी हवंच.

४ डिसेंबर

आईला सांगितलं.

सकाळी गेले. मांडणीवरचे डबे पुसत होती, एका पायावर भार देऊन. तिला बसवलं. कागदावर चित्र काढलं. जेटी, काठ्या, सपाटी, मोड. मी पोरांना शिकवते तसं. ती नीट बघत होती. तिचे प्रश्न माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा सरळ.

‘म्हणजे पाणी गुडघाभरच होतं?’

‘हो.’

‘लोक खोटं नव्हते बोलत.’

‘नाही. पाणी खोल नव्हतं. खालची जमीन गेली.’

‘त्यांना कळलं असेल?’

‘नाही, आई. क्षणात झालं असेल.’

‘तू बघितलंस?’

‘या हातांनी. तो थर माझ्याकडे आहे.’

हात पुढे केले मी! काय गरज होती? तिने माझे हात धरले, उलटसुलट करून पाहिले, जणू अजून काही लागलेलं असेल. मग विचारलं, ‘आणि ती पोस्टातली?’

‘तिची बदली झाली होती. एवढंच.’

आईने माझे हात सोडले. मग म्हणाली, ‘मी तिला किती बोलावलंय माहितेय तुला? मनातल्या मनात. दोघांना जेवायला वाढलंय. मी म्हणायचे, बाई, त्यांना भात मऊ लागतो, पाय दुखतात थंडीत, तेल लावत जा. म्हातारे झाले असतील, आता तरी घरी पाठव. तिचं तोंडसुद्धा मी ठरवलं होतं. ओठावर तीळ.’

मी चित्राचा कागद उलटा ठेवला.

‘इतकी वर्षं मी टाकलेली होते. लोकांनी कीव केली, करू दिली. टाकलेल्या बाईला काहीतरी उरलेलं असतं गं. आज तू मला विधवा केलंस.’

ओरडून नाही म्हणाली. वाटाणे सोलताना बोलावं तसं. मग डबे पुसायला उठली. मी निघाले. मला वाटलं होतं, मी तिच्यासाठी बाबा परत आणतेय. मी तर तिच्याकडचेही घेऊन आले.

५ डिसेंबर

आईने फोन उचलला नाही.

६ डिसेंबर

उचलला. ‘जेवलीस का’ एवढं विचारून ठेवला.

आज समितीत मी एक शब्दही बोलले नाही. तीन संज्ञा भराभर झाल्या. सर म्हणाले, ‘तू गप्प असलीस की काम होतं.’ नेहमीसारखं उलट बोलायला हवं होतं.

९ डिसेंबर

मावशीचा फोन. आई तिच्याकडे जाऊन दोन दिवस रडली म्हणे. मावशी म्हणाली, ‘ताई आम्हाला कुणाला रडताना ठाऊक नव्हती. छातीवरची शिळा काढल्यासारखी रडली. मग झोपली ती दुसऱ्या दिवशीच उठली, आणि उठल्याउठल्या चहा मागितला, चांगला आल्याचा. तू फार मोठं काम केलंस गं.’

मी खरंच केलं का? मावशी म्हणते तर केलं असेल. आज मलाही भूक लागली.

११ डिसेंबर

आईचा निरोप, दोरखंडवाल्याकरवी: ‘रिकामी खोली झाडून ठेव.’

१४ डिसेंबर

आई आली! दोन ट्रंका, एक गॅस, डबे, आणि न फुललेलं जास्वंदीचं झाड. बाबांचे शर्ट तिने परवा हमालांना वाटून टाकले. चपलाही. मला एकही ठेवला नाही. विचारलं तर म्हणाली, ‘तुझ्याकडे तो थर आहे ना.’

खोल्यांच्या किल्ल्या घरमालकाला दिल्या. गिधाडासारखा टपलेला होता तो. उद्यापासून आतल्या भिंती पाडून गोदाम करतोय.

संध्याकाळी आई माझ्या दाराशी उभी राहून बघत होती. कडी, साखळी, लॅच. विचारलं, ‘एवढी कुलपं?’ म्हटलं, शहरी दार आहे. तिने एकेक करून सगळी लावून पाहिली. वरची कडीसुद्धा, टाच उंचावून. मग ‘बरं आहे’ म्हणाली आणि झोपायला गेली. घोरते! मला माहीतच नव्हतं, आई घोरते.

१९ डिसेंबर

पहाटेचा आवाज थांबलाय. घोटा नाही, पोटरी नाही. आईला विचारलं, बाबा खोली ओरडायचे ते आठवतं का? म्हणाली, ‘आठवतं. कंबर म्हणताना आवाज चिरकायचा. थंड पाणी लागायचं ना!’ आणि हसली. बाबांच्या आठवणीने हसलेली आई मी प्रथम पाहिली. त्यांच्याविषयी आता ती ‘होते’ म्हणते. आधी ‘आहेत’ म्हणायची. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

२३ डिसेंबर

समितीचा मसुदा जवळजवळ झाला. किनारमोडाची व्याख्या भाषेच्या बाईंनी मला सातदा लिहायला लावली. त्यांचं एकच म्हणणं, शाळेतल्या मुलीला कळली पाहिजे. शेवटी जमली — ‘किनाऱ्याजवळची ती जागा, जिथे पाण्याखालची सपाटी संपून उतार सुरू होतो.’ बाई म्हणाल्या, ‘झालं की! यात भांडण कशाचं होतं?’

बाईंना सांगून टाकलं सगळं. चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुमच्या शास्त्राने तुम्हाला वडील दिले. आमच्या व्याकरणाने आम्हाला काय दिलं? सासू! माझं शुद्धलेखन बघूनच पसंत केलं तिने.’ हसून हसून चहा सांडला.

फोटोसाठी दुसरा अर्धा कोअर पुढच्या आठवड्यात काढायचा. सरांनी फोटोवाला ठरवलाय.

२८ डिसेंबर

आई लिफ्टमधून एकटी खाली गेली आणि एकटी वर आली. सगळ्या मजल्यांची बटणं दाबून! शेजारचे चिडले. ती म्हणाली, ‘ओळख झाली एकेकाची.’ गुडघा सुधारतोय. रंग आलाय तोंडावर. मी इतकं स्वस्थ घर कधी पाहिलं नव्हतं.

३० डिसेंबर

आज राखून ठेवलेला अर्धा भाग फोटोसाठी उघडला. दुसरा बोअर, घसरलेला पट्टा. फोटोवाल्याला कडा स्वच्छ हव्या होत्या, म्हणून मी पातं फिरवलं. पट्ट्याच्या खालच्या चिखलात काहीतरी चकाकलं. काढलं, धुतलं. मोबाइलचं रिचार्ज कार्ड. नाण्याने खरवडलेलं.

पट्ट्याच्या खाली. म्हणजे काठ घसरला तो हे कार्ड पडल्यानंतर. बाबा गेले तेव्हा आमच्या सबंध बंदरात एकच टेलिफोन होता, कस्टमच्या कचेरीत.

किनारा पुढे सरकतो तेव्हा त्याची वाळू त्याच्याबरोबर सरकते. एकसारखी दिसते, एकाच पातळीला असते, पण एका दिवसाची नसते. इथली जुनी, पुढची नवी. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या महिन्यात मी हेच शिकवते. जो वाळूला वाळू जोडतो त्याला नापास करते. सरांनी विचारलं होतं! मला ती रेघ हवी होती, म्हणून मी ती ओढली.

बाबा बुडालेच नाहीत, असंही हे कार्ड सांगत नाही. काहीच सांगत नाही. मी आईला दाखवलेला थर बाबांचा नव्हता, एवढंच.

घरी आले. आईने साखळी काढली, लॅच काढलं, टाच उंचावून वरची कडी काढली. म्हणाली, ‘फोटो चांगले आले का गं?’

‘आले,’ म्हटलं. तिने माझ्यामागे दार लावून घेतलं.